आनुवंशिकतेचा टक्का आणि आपली मुले

'खाण तशी माती' ही म्हण आपल्या भाषेत फार जुनी आहे. आईबाप जसे तसे मूल, एवढाच तिचा वरवरचा अर्थ. परंतु ज्या समाजात पाणवठ्यावर जाण्याचा अधिकारही जन्मावरून ठरविला गेला, त्या समाजात अशी म्हण निरुपद्रवी राहत नाही. अलीकडे तीच म्हण शास्त्राचा अंगरखा घालून हिंडू लागली आहे. 'माणसाची उंची ऐंशी टक्के आनुवंशिक असते' असे विधान आपण वाचतो. सुस्थितीतील समाजांपुरते ते खरेही आहे. मात्र त्यावरून 'आपली माणसे मुळातच ठेंगणी', 'अमुक समाजाची हाडेपेरेच तशी' असे जे निष्कर्ष काढले जातात, ते त्या टक्क्यातून निघत नाहीत. हा टक्का कसा काढतात, तो काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे प्रत्येक सुशिक्षित पालकाला ठाऊक असले पाहिजे, असे माझे वैद्यकीय व्यवसायातील अनुभवावरून झालेले ठाम मत आहे. त्याचा संबंध आपल्या इतिहासाशी आहे, तसाच आपल्या मुलांच्या प्रकृतीशीही आहे.

गाल्टन यांची मोजपट्टी

१८८४ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शन भरले होते. तेथे फ्रान्सिस गाल्टन यांनी शरीरमापनाची एक प्रयोगशाळा थाटली. तीन पेनी देऊन कोणीही आत जावे आणि आपली उंची, वजन, दृष्टी, श्वासाची ताकद मोजून घ्यावी. नऊ हजारांहून अधिक लोकांनी तसे करून घेतले. पुढे १८८६ मध्ये गाल्टन यांनी २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीचा तक्ता प्रसिद्ध केला. स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून त्यांनी ती पुरुषांच्या उंचीशी तुलनायोग्य केली होती. त्यांना असे आढळले की, आईबापांची मिळून सरासरी उंची समाजाच्या सरासरीपेक्षा तीन इंचांनी अधिक असेल, तर त्यांच्या मुलांची सरासरी सुमारे दोन इंचांनीच अधिक भरते. ठेंगण्या आईबापांची मुलेही तशीच सरासरीच्या दिशेने वर सरकतात. आज सर्व शास्त्रांत वापरल्या जाणाऱ्या एका महत्त्वाच्या सांख्यिकी पद्धतीचा हा आरंभ होता.

गाल्टन यांचे अनुयायी कार्ल पिअर्सन यांनी अॅलिस ली यांच्यासह १९०३ मध्ये हजाराहून अधिक पितापुत्रांच्या जोड्यांचे मोजमाप प्रसिद्ध केले. दोन गोष्टी किती प्रमाणात एकमेकींबरोबर चालतात, हे दाखविणाऱ्या आकड्यास सहसंबंध गुणांक म्हणतात. संबंध मुळीच नसेल तर तो शून्य, संपूर्ण असेल तर एक. पिता आणि पुत्र यांच्या उंचीसाठी तो सुमारे ०.५ आला.

याच तक्त्यातील दुसरी एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, अशी माझी विनंती आहे. त्यात पित्यांची सरासरी उंची सुमारे ६७.७ इंच होती आणि पुत्रांची सुमारे ६८.७ इंच. म्हणजे एका पिढीत सगळी रांग एक इंचाने उंचावली होती, आणि सहसंबंध गुणांकाला त्याचा पत्ताही नव्हता. कारण तो गुणांक काढताना प्रत्येक पित्याची तुलना पित्यांच्या सरासरीशी आणि प्रत्येक पुत्राची तुलना पुत्रांच्या सरासरीशी केली जाते. उद्या एखाद्या गावातील सर्व मुलांना पोटभर सकस अन्न आणि स्वच्छ पाणी मिळून प्रत्येक जण तीन इंचांनी अधिक वाढला, तरी उंच बापाचा मुलगा आपल्या सोबत्यांत उंचच राहील, ठेंगण्या बापाचा ठेंगणाच राहील आणि गुणांक तसूभरही हलणार नाही. रांगेतील जागा त्याला दिसते. रांग कोणत्या पायरीवर उभी आहे, हे त्याला दिसत नाही. आनुवंशिकतेविषयीचे बहुतेक गैरसमज ही एक गोष्ट विसरल्यामुळे निर्माण होतात.

ऐंशी टक्के म्हणजे काय?

१९१८ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी या मोजमापांना मेंडेलच्या नियमांचा पाया दिला. अनेक जनुके प्रत्येकी थोडाथोडा परिणाम करीत असतील, तर उंचीसारखा सलग बदलत जाणारा गुण आणि नातलगांमधील असे साम्य दोन्ही उपपन्न होतात, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. समाजातील माणसामाणसांमधील एकूण तफावत निरनिराळ्या कारणांत वाटून दाखविण्याची रीतही त्यांनी घालून दिली. त्यापुढील काळात पशुपैदाशीच्या शास्त्रात हेरिटॅबिलिटी, म्हणजे आनुवंशिकतेचे प्रमाण, ही संकल्पना रूढ झाली. कोणत्या गाईची पैदास वाढविल्यास दूध वाढेल, हा तेथील व्यावहारिक प्रश्न होता.

माणसांच्या बाबतीत जुळ्यांचा आधार घेतात. एकाच बीजांडापासून झालेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात; दोन बीजांडांपासून झालेल्यांची, इतर सख्ख्या भावंडांप्रमाणे, सरासरीने निम्मी. समजा, पहिल्या प्रकारच्या जुळ्यांच्या उंचीतील सहसंबंध ०.९ आणि दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांतील ०.५ आला, तर फरक ०.४, त्याची दुप्पट ०.८. ऐंशी टक्के हा आकडा अशा प्रकारच्या गणितातून येतो.

आता त्याचा अर्थ पाहू. पाच फूट सात इंचांच्या माणसाची साडेचार फूट उंची आईबापांनी दिली आणि उरलेली अन्नाने दिली, असा त्याचा अर्थ नव्हे. एका माणसाविषयी हा आकडा काहीच सांगत नाही. अमुक समाजात, अमुक काळी, माणसामाणसांच्या उंचीत जी तफावत आढळते, तिच्यापैकी ऐंशी टक्के तफावत जनुकांतील फरकांशी निगडित आहे, एवढेच तो सांगतो. समाज बदलला की आकडा बदलतो. सर्वांना सारखे अन्न, सारखे औषधपाणी मिळू लागले, की परिस्थितीमुळे पडणारी तफावत नाहीशी होते आणि जी उरते ती मुख्यतः जनुकांची असते. म्हणून सुस्थितीतील, समतेच्या अधिक जवळ गेलेल्या समाजात हे प्रमाण वाढते. ज्या आकड्याचा उपयोग विषमता नैसर्गिक ठरविण्यासाठी केला जातो, तो आकडा कित्येकदा समतेचाच परिणाम असतो.

अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० मध्ये हा मुद्दा बियाण्याच्या दृष्टांताने मांडला होता. आपण तो आपल्या शिवारात आणून पाहू. एकाच पोत्यातील ज्वारीचे बी दोन मुठींनी घ्यावे. एक मूठ काळ्या कसदार रानात पेरावी, दुसरी गावकुसाबाहेरच्या मुरमाड तुकड्यात. प्रत्येक तुकड्यात माती सर्वत्र एकसारखी असेल, तर त्या तुकड्यातील ताटाताटांमधील उंचीचा फरक शंभर टक्के बियाण्याचा. परंतु दोन तुकड्यांच्या सरासरीतील फरक शंभर टक्के मातीचा. पहिल्या शंभर टक्क्यांवरून दुसऱ्या फरकाविषयी एक अक्षरही बोलता येत नाही. एका समूहातील आनुवंशिकतेचा टक्का दोन समूहांमधील अंतराला लावणे हा तर्कदोष आहे, आणि पदव्यांनी मंडित झालेली माणसेही तो करताना दिसतात.

घराण्यात चालते ते सारेच रक्तातून येत नाही

नातलगांतील साम्य मोजताना आणखी एक सावधगिरी आवश्यक असते. घराण्यात जनुके चालतात, तसे दारिद्र्यही चालते. ज्या काळात चांभाराच्या मुलाने चांभार आणि भटाच्या मुलाने भटच व्हायचे होते, त्या काळी पिता आणि पुत्र यांच्या व्यवसायातील सहसंबंध एकाच्या जवळ जाणारा होता. जातीचा सहसंबंध तर पूर्ण एक. जगातील कोणत्याही शारीरिक गुणापेक्षा जात अधिक 'आनुवंशिक' आहे, आणि तरीही तिचे जनुक कोठेही नाही.

शरीरातही असे घडते. उपाशी मुलीची वाढ खुंटते. तीच पुढे माता होते आणि कमी वजनाच्या बाळाला जन्म देते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील ज्या बालकांशी तुलना केली, त्यांचे सुमारे साडेतीन किलो. वजनाने लहान असूनही पुण्याकडील बाळांच्या अंगात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक होते. अशा शरीरांना पुढे मधुमेहाचा धोका असतो. आजीची उपासमार नातवापर्यंत पोहोचते, आणि आपण म्हणतो, 'साखर आमच्या रक्तातच आहे.' जनुकांचा वाटा मी नाकारीत नाही. परंतु केवळ नातलगांतील साम्य मोजणारी पद्धत ही दोन प्रकारची वारसदारी आपोआप वेगळी करीत नाही.

मोजमापाचा वापर आणि गैरवापर

या शास्त्राच्या जनकांनी स्वतःच त्याच्या मर्यादा ओलांडल्या, हा इतिहास आपण परदेशस्थांनी विशेष जाणून घ्यावा. वंशसुधारणेला 'युजेनिक्स' हे नाव गाल्टन यांनीच १८८३ मध्ये दिले. पिअर्सन यांनी मार्गारेट मोल यांच्यासह १९२५ मध्ये लंडनमधील रशियन आणि पोलिश ज्यू स्थलांतरितांच्या मुलांची मोजमापे प्रसिद्ध केली, आणि असे लोक देशात घेणे हिताचे नाही असा सूर लावला. अमेरिकेत १९२४ चा स्थलांतर कायदा करताना वंशसुधारणावाद्यांची साक्ष विधिमंडळाने ऐकली होती. आशियाई माणसाला हे दार प्रत्यक्षात उघडले ते १९६५ च्या कायद्याने. आपल्यापैकी बहुतेक जण त्याच दाराने आलो.

हिंदुस्थानात १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी आणि लांबी यांच्या प्रमाणावरून जातींची उतरंड लावली. नाक जितके सरळ तितकी जात वरची, असा त्यांचा सिद्धान्त होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात हा प्रश्न हाती घेतला. मोजमाप हे परक्याचे शास्त्र म्हणून त्यांनी दूर लोटले नाही. नासिकामापनाचे निरनिराळ्या प्रांतांतील आकडेच त्यांनी समोर ठेवले, आणि ते आकडे खरे मानले तर ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असा निष्कर्ष काढला. ज्या शस्त्राने आपल्याला हीन ठरविले गेले, ते शस्त्र हातात घेऊन तपासण्याची ही वृत्ती होती. त्यापूर्वी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातिव्यवस्थेला वंशसुधारणेचा आधार देणाऱ्यांचाही त्यांनी समाचार घेतला होता. जात परजातीशी विवाह करण्यास बंदी घालते, पण जातीअंतर्गत उत्तम जोडीदार निवडण्याची कोणतीही रीत सांगत नाही. मग तिला वंशसुधारणा कशी म्हणावी, हा त्यांचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेथेच फ्रान्झ बोआस मानववंशशास्त्राचे प्राध्यापक होते. न्यूयॉर्कमधील सुमारे अठरा हजार स्थलांतरित आणि त्यांची मुले यांची मोजमापे घेऊन बोआस यांनी दाखविले होते की, अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची उंची आणि मस्तकाचा आकारही आईबापांहून वेगळा भरतो. या आकड्यांची २००२ आणि २००३ मध्ये पुन्हा तपासणी झाली. बदल किती मोठा यावर विद्वानांत मतभेद झाले; परंतु वंशाचे अचल चिन्ह म्हणून मस्तकाकडे पाहण्याची जुनी खात्री बोआस यांनी जी हलविली, ती पुन्हा पूर्ववत झाली नाही. मे १९१६ मध्ये बाबासाहेबांनी जातीच्या उगमावरील आपला निबंध वाचला, तो बोआस यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात. सजातीय विवाह हेच जातीचे मूळ, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात, ज्यात हैदराबादच्या कोशिकीय व आण्विक जीवविज्ञान केंद्राचे संशोधक सहभागी होते, असे आढळले की भारतातील समूहांचे परस्परांत मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले आणि नंतर सजातीय विवाहाने ते थांबविले. कुंपण मागाहून घातले गेले. त्याआधी सारे मिसळलेलेच होते.

प्रत्यक्ष पुरावा

यावर कोणी म्हणेल, 'तरीही भारतीय मूल लहानखुरेच नसते का?' २०१३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ अरविंद पनगरिया यांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त असा युक्तिवाद केला की, भारतीय मुलांतील खुंटलेल्या वाढीचे प्रमाण जागतिक मानकांमुळे फुगविले जाते आणि त्यामागे जनुकीय फरक असावा. त्यावर बराच वाद झाला. प्रश्न गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने फार कमी आहे. अनुसूचित जाती-जमातींत हे प्रमाण त्याहून जास्त आहे. दोष रक्ताचा ठरविला, तर अंगणवाडीतील घासाची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

उत्तर देणारे दोन पुरावे मला निर्णायक वाटतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील, चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या आणि आईचे दूध मिळालेल्या मुलांची वाढ मोजली. भारतातील केंद्र दिल्ली होते. लांबीतील एकूण तफावतीपैकी देशादेशांमधील फरकाचा वाटा होता केवळ ३ टक्के. परिस्थिती चांगली असेल तर दिल्लीचे बाळ ऑस्लोच्या बाळासारखेच वाढते.

दुसरा पुरावा २०१७ मधील सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांच्या अभ्यासाचा. आफ्रिकेतील मुलांच्या तुलनेत भारतातील पहिले अपत्य उंचीत मागे नसते. दुसऱ्यापासून मागे पडू लागते आणि पुढच्या प्रत्येक अपत्यागणिक अंतर वाढते. भावंडांचे आईबाप तेच, मग जनुके क्रमाने बिघडत कशी जातील? पहिल्या मुलाकडे, त्यातही मुलग्याकडे, झुकलेले आपले माप याचे कारण आहे. हा दोष आपल्याही घरात असू शकतो, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

जनुकशास्त्राची प्रगतीही डोळसपणे पाहावी. २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या अभ्यासातून उंचीशी निगडित १२,१११ जनुकीय स्थाने सापडली. युरोपीय वंशाच्या लोकांतील तफावतीपैकी सुमारे ४० टक्के तफावत त्यांनी स्पष्ट होते. इतर समूहांत मात्र साधारण १० ते २० टक्केच. एका समूहावर बेतलेले माप दुसऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाही, याची ही आधुनिक ग्वाही आहे.

आपल्या मुलांसाठी

आता व्यवहाराकडे वळतो. मुलाची उंची किती होईल याचा अंदाज घेण्यासाठी आम्ही डॉक्टर एक सूत्र वापरतो. आईबापांच्या उंचीची बेरीज करायची. मुलगा असेल तर तीत १३ सेंटिमीटर मिळवायचे, मुलगी असेल तर वजा करायचे, आणि निम्मे करायचे. वडील १६० आणि आई १४८ सेंटिमीटर असेल, तर मुलासाठी उत्तर येते १६०.५. हे गाल्टन यांच्याच परंपरेतील सूत्र असून आईबाप आणि मूल साधारण सारख्या परिस्थितीत वाढले, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

आपल्यापैकी कित्येकांच्या बाबतीत हे गृहीतक सपशेल खोटे आहे. १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर वाढलेला बाप आणि बाराव्या वर्षापासून शेतमजुरीला जाणारी आई यांची उंची ही त्यांच्या जनुकांची पूर्ण वाढ नव्हे. ग्वाटेमालातून अमेरिकेत आलेल्या माया समाजाची मुले मायदेशातील माया मुलांपेक्षा सरासरी सुमारे ११ सेंटिमीटर उंच आढळली, तीही एका पिढीच्या आत. तेव्हा आपले मूल आपल्याहून बरेच उंच होणे, हे येथे अपेक्षितच आहे. उलट ते आपल्याइतकेच ठेंगणे राहत असेल आणि डॉक्टर 'आईवडीलही लहानच आहेत' असे म्हणून वही मिटीत असतील, तर तेथे थांबू नये. थायरॉइडचा विकार, गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सिलिअॅक रोग, वाढीच्या संप्रेरकाची उणीव, मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम ही कारणे अशाने झाकली जातात. वेळेत सापडली तर त्यांवर उपचार आहेत.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. मुलाच्या वाढीचा आलेख प्रत्येक भेटीत मागून घ्या; चार वर्षांनंतर, वयात येण्यापूर्वी, उंची वर्षाला पाच सेंटिमीटरहून कमी वाढत असेल तर चौकशी करा. डॉक्टरांना आपली उंची सांगताना आपले बालपणही सांगा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, ती वैद्यकीय माहिती आहे. आणि निरोगी मूल उंचीने कमी भरले, तर त्याला औषधांच्या मागे लावू नका. माणसाची योग्यता इंचांनी मोजण्याची सवय आपण तरी मुलांना लावू नये.

पुढे कधी कोणी आनुवंशिकतेचा टक्का आपल्यासमोर ठेवील, तेव्हा आपण तीन प्रश्न विचारावेत. हा टक्का कोणत्या समाजात आणि कोणत्या काळी मोजला? तो माणसामाणसांतील फरकाविषयी आहे की दोन समूहांतील? आणि मोजली जाणारी माणसे एकाच मातीत वाढली होती काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शास्त्रज्ञ देतील. तिसऱ्याचे उत्तर आपल्या आईवडिलांना विचारून लिहून ठेवा. आपल्या नातवंडांच्या डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल.